दोन ट्यूनरची डबी

२ फेब्रुवारी, रविवार

मेहुण्याने पाठवलेली डबी आली. काळी, तळहाताएवढी. मागे तीन भोकं आहेत: एक विजेचं, एक अँटेनाचं, एक नेटवर्कचं. पुढे एक हिरवा दिवा. पार्सलमध्ये आणखी काही नाही. जे सांगायचं ते त्याने फोनवर सांगितलं.

"भावोजी, अगदी सोपं आहे. छतावरच्या अँटेनाची वायर हिच्या पोटात घालायची. हिची वायर राउटरला जोडायची. मग घरातल्या वाय-फायवर टीव्ही कुठेही दिसतो. खाली तुमच्या टीव्हीवर, वर आईच्या टॅबवर. आत दोन ट्यूनर आहेत. तुम्ही एक चॅनल लावा, आई दुसरा लावेल. भांडण नको."

"आमचं भांडण कधी झालंय?"

"तेच म्हणतो मी. कधीतरी करत जा. तब्येतीला बरं असतं."

सासूबाई पडल्या तेव्हापासून वरच्या खोलीत आहेत. खुब्याचं हाड जुळलं, पण जिना बंद. खोलीत काठी घेऊन फिरतात, संडासापर्यंत जातात, खिडकीशी बसतात. टीव्ही खाली हॉलमध्ये. इतकी वर्षं त्यांच्या संध्याकाळी त्या टीव्हीसमोर गेल्या. आता वर्तमानपत्र दोनदा वाचतात. दुसऱ्यांदा मला वाचून दाखवतात.

मेहुण्याला महिनाअखेर तळमजल्यावरचं घर मिळतंय. मग तो त्यांना घेऊन जाणार आहे. 'नेतो' म्हणाला की 'नेऊ का' म्हणाला, आता आठवत नाही. मी म्हणालो, "आई म्हणतील तसं."

डबी तोपर्यंतची सोय.

३ फेब्रुवारी, सोमवार

दुकानातून लवकर आलो आणि जोडणी केली.

आमचा राउटर जिन्याच्या वळणावर, खिडकीच्या कट्ट्यावर आहे. अँटेनाची वायर त्याच खिडकीतून आत येऊन खाली हॉलमध्ये जाते. ती वळणावरच कापली, टोक सोलून नवीन कनेक्टर बसवला आणि डबीला लावली. हॉलमधला टीव्ही आता अँटेनाला थेट जोडलेला नाही. त्याच्या मागे एक डोंगल लावला, तो वाय-फायवरून डबीकडून चित्र घेतो. म्हणजे वर आणि खाली, दोघांनाही जे मिळायचं ते जिन्याच्या मधूनच मिळणार.

चॅनल शोधायला लावले. बत्तीस सापडले. सिग्नलची ताकद चांगली, दर्जा त्याहून चांगला. चष्म्याची काच फ्रेममध्ये पहिल्या फटक्यात बसावी तसं झालं.

टॅब सासूबाईंच्या मांडीवर दिला. बोटाने यादी कशी सरकवायची ते दाखवलं.

"हे सगळं त्या डबीत असतं?"

"डबीत नाही, हवेत असतं. डबी फक्त पकडते."

"आणि तुम्ही खाली बघाल तेव्हा मला तेच बघावं लागणार?"

"नाही, आई. तेच तर हिचं वैशिष्ट्य. तुम्ही तुमचं बघा, मी माझं. दोन ट्यूनर आहेत."

"असं होय," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हुशार आहे डबी."

५ फेब्रुवारी, बुधवार

डबी लागल्यावरची पहिली फुटबॉल मॅच. आमचे निळे, बाहेरच्या मैदानावर.

सूप गरम करायला मायक्रोवेव्ह लावला आणि टीव्हीवरचं चित्र चौकोनाचौकोनात फुटलं. मायक्रोवेव्ह बंद केला तर ठीक. म्हणजे हॉलमधल्या वाय-फायला त्याचा त्रास होतो. डोंगलच्या सेटिंगमध्ये बफर असतो. चित्र थोडं साठवून ठेवायचं आणि मग दाखवायचं, म्हणजे मधे खंड पडला तरी जाणवत नाही. तो सगळ्यात जास्तवर नेला. आता चित्र गुळगुळीत. वर टॅबला काही करावं लागलं नाही.

एक-एक बरोबरी. रेफरीने धडधडीत पेनल्टी नाकारली. बायको असती तर म्हणाली असती, "पाठव ह्याला तुझ्या दुकानात." मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासतो. लग्न झाल्यापासून प्रत्येक रेफरीला तिने आमच्या दुकानात पाठवलं. एकही आला नाही.

तिला जाऊन वर्ष होत आलं. मॅच बघताना मी अजून मोठ्याने बोलतो. "बघ, बघ, सोडला ना मोकळा" वगैरे. कोणाशी, ते लिहायला नको.

९ फेब्रुवारी, रविवार

आज एक प्रकार झाला.

आमचा एक ठरलेला इशारा आहे. काही हवं असलं की सासूबाई काठी जमिनीवर आपटतात, मी वर जातो. आज मॅचच्या मध्यावर काठी वाजली. जोरात, दोनदा. मी तसाच पळालो. जिन्यात असताना खाली टीव्हीवर गोलाचा गलका ऐकू आला. चुकला म्हणजे.

सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. टॅब पालथा मांडीवर. गाल जरा लाल.

"काय झालं, आई?"

"काही नाही. काठी पडली."

"दोनदा?"

"उचलली आणि परत पडली. तुम्ही जा. मॅच चाललीय ना तुमची."

खाली आलो. पुन्हा बसतो न बसतो तोच काठी वाजली. मी पुन्हा उठलो. त्या वरूनच ओरडल्या, "येऊ नका, काठीच पडली!"

काठी अशी पडत नाही. मला वाटतं, माझ्या आवाजाचा त्यांना त्रास होतो. त्यांच्या खोलीची जमीन म्हणजे हॉलचं छत, सगळं वर जात असणार. सांगायचं कसं म्हणून काठी आपटतात आणि मी वर गेलो की संकोचतात. सासू आणि जावई, दोघं अजून एकमेकांना अहो-जाहो करतो. असं तोंडावर सांगणार कसं?

इतक्या वर्षांत त्यांना मॅच आवडली असं मला कधी वाटलं नाही. आमच्याबरोबर सोफ्यावर बसायच्या, स्वेटर विणायच्या आणि दर रविवारी विचारायच्या, "आपले निळे ना?" ती म्हणायची, "आई, अगं लग्न झाल्यापासून निळेच आहेत."

१० फेब्रुवारी, सोमवार

दुकानात डोळे तपासणाऱ्या मॅडमना हे सांगितलं. पुढच्या खोलीत त्या पेशंटला अक्षरं वाचायला लावतात, मागच्या खोलीत मी त्यांनी लिहिलेल्या नंबरच्या काचा घासतो. मधल्या खिडकीतून आमचं बोलणं चालतं.

"तुम्ही मॅचला इतकं ओरडता?"

"बोलतो."

"कोणाशी?"

मी मशीन चालू केलं.

"बरं, बरं," त्या म्हणाल्या. "पण त्यांना त्रास होतो असं त्या म्हणाल्या का?"

"म्हणणार नाहीत. त्या तशा नाहीत."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

"काठीवरून."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. पेशंट उलटं अक्षर सुलटं वाचतो तेव्हा पाहतात तसं. मग त्यांचा पुढचा पेशंट आला.

येताना कानावर बसणारे हेडफोन घेतले. डोंगलला जोडता येतात.

१२ फेब्रुवारी, बुधवार

हेडफोनवर मॅच. घर शांत. आपलाच आवाज कानात घुमतो म्हणून बोलणंही आपोआप बंद झालं. दोन-शून्यने जिंकलो. एकट्याने मूठ वळून हलवली. जरा खुळ्यासारखं वाटलं.

काठी वाजली असेल तर मला ऐकू आली नाही. म्हणून हेडफोनवर असताना दर थोड्या वेळाने जिन्यापाशी जाऊन कान देतो. सगळं निवांत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी चहा घेऊन वर गेलो.

"काल तुमची मॅच नव्हती का?" सासूबाईंनी विचारलं.

"होती. जिंकलो."

"आवाज नाही आला."

"हेडफोन घेतले. तुम्हाला त्रास नको."

त्यांनी कप बशीत ठेवला.

"मला कसला त्रास?"

"तसं नाही, पण वर आवाज येत असणार."

"येतो."

"आता येणार नाही."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या.

जीव भांड्यात पडला. हे आधीच सुचायला हवं होतं. चहा त्यांनी अर्धा ठेवला. साखर कमी पडली असेल.

१६ फेब्रुवारी, रविवार

डबीत बिघाड आहे.

मध्यंतरात सहज फोनवर डबीचं पान उघडलं. घरातल्या वाय-फायवरून डबीचा पत्ता टाकला की एक साधं पान येतं. पहिला ट्यूनर काय पकडतोय, दुसरा काय पकडतोय, सिग्नल किती, कोणत्या उपकरणाला पाठवतोय, सगळं तिथे दिसतं. पहिला ट्यूनर: खेळांचा चॅनल, हॉलचा टीव्ही. दुसरा ट्यूनर: खेळांचा चॅनल, टॅब.

सासूबाईंना मॅच दिसत होती! म्हणजे मी जो चॅनल लावतो तोच डबी वरही ढकलते. त्या बिचाऱ्या गाणी नाहीतर मालिका बघायला बसणार आणि समोर बावीस माणसं पळणार. आता काठीचा अर्थ नीट लागला.

वर गेलो. टॅबवर मालिका चालू होती.

"आई, मघाशी ह्याच्यावर मॅच लागली होती का?"

"मॅच? नाही बाई." मग म्हणाल्या, "लागली असेल. माझं बोट कुठेही लागतं."

"तुम्ही मॅच बघत नाही ना?"

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

खाली येऊन पान पुन्हा उघडलं. दुसरा ट्यूनर: खेळांचा चॅनल.

मी जिना उतरेपर्यंत पुन्हा तेच. त्यांच्या बोटाचा दोष नाही. दोष डबीचा आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज मॅच नाही. बातम्या लावल्या आणि पान उघडून बसलो. खाली बातम्या, वर मालिका. वेगवेगळं. मी समुद्रातल्या माशांचा कार्यक्रम लावला. वर मालिकाच. डबी शहाण्यासारखी वागतेय.

म्हणजे बिघाड फक्त मॅचच्या वेळी येतो. त्या चॅनलवर चित्राचा भार जास्त असतो. कदाचित त्या भाराने दुसरा ट्यूनर पहिल्याच्या मागे ओढला जात असेल. डबी बंद करून चालू केली, चॅनल नव्याने शोधले, राउटरमध्ये तिला कायमचा पत्ता दिला, नेटवर्कची वायर बदलली. शेवटी बनवणाऱ्या कंपनीला सविस्तर लिहिलं. काच कापताना केंद्र थोडं हललं तर माणसाचं डोकं दुखतं. बारीक दोष मला सहन होत नाही, हेही लिहिलं. मग तेवढं वाक्य खोडलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कंपनीचं उत्तर आलं. लिहिलंय: 'एका उपकरणाने निवडलेला चॅनल डबी दुसऱ्या उपकरणाला देऊ शकत नाही. दोन्ही ट्यूनर एकाच चॅनलवर दिसत असतील, तर दोन्हीकडे तोच चॅनल निवडलेला आहे. हा बिघाड नाही. आमचं उत्पादन वापरल्याबद्दल आभार.'

त्यांना माझी अडचण कळलीच नाही.

दुकानात मॅडमना ते वाचून दाखवलं. त्या हसायला लागल्या.

"हसता काय?"

"काही नाही. तुम्हाला जवळचा नंबर लागलाय. लांबचं सगळं दिसतं तुम्हाला."

माझा जवळचा नंबर जुनाच आहे, गेल्या महिन्यात त्यांनीच तपासला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

उपाय केला. बिघाड काढता येत नसेल तर त्याला वाटच ठेवायची नाही. सासूबाईंच्या टॅबवर आवडत्या चॅनलची यादी करता येते, बाकीचे लपवता येतात. मालिका, गाणी, बातम्या आणि तो माशांचा एवढे ठेवले. खेळांचे सगळे लपवले. अक्षरंही मोठी केली.

"आता मॅच मधे घुसणार नाही," मी म्हणालो.

त्यांनी यादी वरून खाली पाहिली, मग खालून वर.

"एवढेच राहिले?"

"तुम्हाला लागतात तेवढे."

"हं."

"आणखी कुठला हवाय का?"

"नको," त्या म्हणाल्या. "किती करता माझ्यासाठी!"

उशी जरा सरळ केली आणि खाली आलो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

संध्याकाळी मेहुण्याचा फोन.

"भावोजी, आई हो म्हणाली."

"कशाला?"

"इकडे यायला. काल रात्री तिनेच फोन केला. गेले दोन महिने मी विचारतोय तर 'बघू, बघू' चाललं होतं. काल म्हणाली, ये आणि घेऊन जा. तुमचं काही वाजलं का?"

"नाही."

"काही बोललात?"

"नाही रे."

"तेच तर," तो म्हणाला. मग म्हणाला, "तुमची काही हरकत?"

"माझी कसली हरकत? आईंच्या मनात असेल तसं."

तो पुढच्या सोमवारी गाडी घेऊन येतोय.

वर गेलो. विचारलं, "आई, जाणार म्हणता?"

"जिथे ठेवाल तिथे राहीन."

"तसं नाही. तुमची मर्जी."

"माझी कसली मर्जी? तुमच्यामागे किती ती माझी कामं! सूप, औषधं, ती डबी. तुम्हाला स्वतःच्या घरात कानात बुचं घालून बसावं लागतं."

"त्याचं काही नाही."

"नसेल," त्या म्हणाल्या.

दोघंही खिडकीतून बाहेर बघत राहिलो. समोरच्या घराच्या छतावर कोणीतरी कपडे काढत होतं. सगळे काढून होईपर्यंत आम्ही बघितलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दोन काचा फुकट घालवल्या. डाव्याची उजवीकडे घासली. असं शिकाऊ असतानाही झालं नव्हतं.

जाऊ नका असं मी कोणत्या तोंडाने म्हणायचं? ज्या माणसामुळे आम्ही एकमेकांचे कोणी होतो, ते माणूस नाही. त्यांना सख्खा मुलगा आहे, त्याच्याकडे तळमजला आहे, बोलणारी सून आहे. माझ्याकडे जिना आहे आणि हेडफोन.

इथे तरी खरं लिहायला हरकत नाही. मला त्या जायला नको आहेत. वर काठीची टकटक नसलेलं घर मला नको आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

त्यांनी बॅग भरायला घेतली. खाटेवर बसून सांगतात, मी कपाटातून काढून देतो.

तिचा निळा मफलर निघाला. मॅचचा. मी तो शोधत होतो, मला वाटलं कपड्यांबरोबर देऊन टाकला.

"हा तुम्ही ठेवा," त्या म्हणाल्या.

"तुमच्याकडे होता, तुम्हीच ठेवा."

"तुम्ही घालाल."

"कानावर हेडफोन असतात."

हे मी विनोद म्हणून बोललो. त्यांनी मफलर घडी करून बॅगेत तळाशी ठेवला.

१ मार्च, शनिवार

टॅब त्यांच्याबरोबर जाणार. तिथे आपली डबी नाही, तेव्हा माझी यादी तिथे निरुपयोगी. ती काढून टाकली आणि सगळं मूळ होतं तसं केलं. सगळे चॅनल परत आले.

"एक दिवस मॅच घुसली तर चालेल ना?" मी विचारलं. "उद्या शेवटचा रविवार आहे."

"चालवून घेईन," त्या म्हणाल्या.

ह्या आठवड्यात पहिल्यांदा हसल्या.

२ मार्च, रविवार

नीट क्रमाने लिहितो.

संध्याकाळी मॅच. निळे विरुद्ध पांढरे, हरलो तर खालच्या गटात. हेडफोन घातले नाहीत. आज शेवटचा दिवस, त्यांनी हाक मारली आणि मला ऐकू आली नाही असं व्हायला नको होतं. टीव्हीचा आवाज अगदी बारीक ठेवला. वरचं दार उघडं, हॉलचं दारही उघडं.

पहिला अर्धा तास काही झालं नाही. मग काठी वाजली. मी उठलो आणि पायरीवर पाय ठेवला, तेवढ्यात मागे टीव्हीवर गोल झाला. आमचा. वळून पाहिला. हाक आली नाही म्हणून परत येऊन बसलो. योगायोग, असं वाटलं.

थोड्या वेळाने वरून "अरेरे" ऐकू आलं. टीव्हीवर आमचा बुटका एकटा गोलाकडे चेंडू घेऊन निघाला होता. सगळं मोकळं. मी पुढे सरकलो. त्याने बारवरून मारला.

मी टीव्ही सोडून छताकडे बघायला लागलो.

मग वरून आवाज आला. स्पष्ट, चिडलेला, दारातून, जिन्यावरून, वळणावरच्या डबीवरून खाली आलेला:

"पाठवा ह्याला जावईबापूंच्या दुकानात!"

टीव्हीवर आमचा माणूस अजून पळत होता. त्याला कोणी हातही लावला नव्हता. मग पांढऱ्यांच्या एकाने मागून पाय घातला. तो पडला. रेफरीने दोन्ही हात हलवले: काही नाही, खेळा.

मी बसून राहिलो. बफर मीच वाढवला होता. खाली सगळं उशिरा दिसतं. वर आधी.

त्या काठ्या गोलाच्या होत्या. नऊ तारखेच्या रविवारी दोनदा, मग पुन्हा एकदा. ह्या घरात गोल झाला की कोणीतरी जमीन हादरवायचं. ती पाय आपटायची.

जिना चढलो. वळणावर डबीचा हिरवा दिवा लुकलुकत होता. तिला काही झालं नव्हतं.

सासूबाईंच्या गळ्यात निळा मफलर होता. मला बघून टॅब पालथा घालायला गेल्या.

"राहू दे," मी म्हणालो.

"बोट लागलं," त्या म्हणाल्या.

"मफलरलाही बोट लागलं?"

मी खुर्ची ओढून खाटेजवळ घेतली. टॅब सरळ करून दोघांच्या मधे, उशीला टेकवून ठेवला. माझा जवळचा चष्मा खालीच राहिला होता. माणसं किड्यामुंग्यांएवढी दिसत होती.

"पेनल्टी होती," मी म्हणालो.

"धडधडीत. मी म्हणालेच."

"ऐकलं."

"ऐकू गेलं?" त्यांनी मफलरचं टोक हातात धरलं. "पूर्वी मला तुमचं ऐकू यायचं. तुम्ही खाली बोलायला लागलात की वाटायचं, दोघं बसलेत. मी आपली वर पडून. मग तुम्ही बोलेनासेच झालात."

रेफरीने कोणाला तरी पिवळं कार्ड दाखवलं. कोणाला ते मला दिसलं नाही.

"आई, मला खाली सगळं उशिरा कळतं," मी म्हणालो. "इथे आधी कळतं. मी इथे बसून बघत जाऊ का?"

"उद्या तो येतोय."

"येऊ दे. जेवून जाईल."

त्यांनी टॅबवरची नजर काढली नाही.

"हे तुम्हीच सांगायचं त्याला," त्या म्हणाल्या. "मला नेहमी तुमच्या मर्जीवर टाकता."

"मी सांगतो. जाऊ नका."

"हळू बोला. कॉर्नर आहे."

कॉर्नर वाया गेला. पुढचा वाया गेला नाही. काठी मला हातात धरायला दिली होती, म्हणून ह्या वेळी ती मी आपटली.

३ मार्च, सोमवार

दुकानातून रजा घेतली. मेहुणा दुपारी आला. मी दारातच सांगितलं. बोलायचं आधी पाठ केलं होतं, पण ऐन वेळी फक्त "आई इथेच राहतील, माझी हरकत आहे" एवढंच निघालं.

"हरकत आहे?" तो म्हणाला. "कशाला?"

"न्यायला."

तो गाडीतून आणलेली रिकामी खोकी परत गाडीत ठेवून आला.

"शेवटी भांडलात म्हणायचं," तो म्हणाला.

वर आईजवळ खूप वेळ बसला. दोघांचं हसणं खाली येत होतं. कशाला हसत होते ते ऐकू आलं नाही. बहुतेक मलाच.

निघताना जिन्याच्या वळणावर थांबला. डबीला हात लावून बघितला.

"गरम होत नाही ना? दोन्ही ट्यूनर चालतात नीट?"

"चालतात," मी म्हणालो. "पण आता एकच लागतो."